सरकारच्या पगारावर, सरकारच्या विरोधात : 'रेजी' वकिलांची कहाणी

१/
१९६७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात पन्नास तरुण वकिलांची एक तुकडी जमली. मोठ्या वकिली पेढ्यांनी आनंदाने सामावून घेतले असते, अशा योग्यतेची ही मंडळी होती. पण त्यांना शिकायचे होते ते निराळेच. घरमालकाने भाडेकरूचे सामान रस्त्यावर काढले तर काय करायचे, सरकारी निर्वाहभत्ता एकाएकी बंद झाला तर दाद कुठे मागायची, हप्त्यावर घेतलेल्या वस्तूपायी मजुराचा पगार जप्त होत असेल तर तो कसा रोखायचा.

२/
प्रशिक्षण संपताच हे वकील अमेरिकेभर पसरलेल्या, गरिबांसाठीच्या कायदा कार्यालयांत रुजू झाले. त्यांचा पगार वॉशिंग्टनहून, केंद्र सरकारच्या तिजोरीतून येत असे; आणि न्यायालयात प्रतिवादी म्हणून समोर उभे असे तेही बऱ्याचदा सरकारच, कधी शहराचे, कधी राज्याचे, कधी केंद्राचे. आपल्याच विरोधात लढण्यासाठी एखादे सरकार स्वतःच्या खर्चाने वकील का नेमील? आणि नेमलेच, तर ते किती दिवस सोशील? हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

३/
योजनेचे पूर्ण नाव 'रेजिनल्ड हेबर स्मिथ कम्युनिटी लॉयर फेलोशिप'. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? त्यामुळे या फेलोंना सगळे 'रेजी' म्हणू लागले. ज्यांचे नाव योजनेला दिले ते स्मिथ १९६६ मध्येच निवर्तले होते. आपल्या नावाची पहिली तुकडी त्यांनी पाहिली नाही. कहाणी मात्र त्यांच्यापासूनच सुरू करावी लागते.

४/
स्मिथ यांचा जन्म १८८९ चा. १९१४ साली हार्वर्डमधून कायद्याची पदवी घेऊन, वयाच्या पंचविशीत, त्यांनी बोस्टनच्या लीगल एड सोसायटीची धुरा हाती घेतली. अशा संस्था त्या काळी नव्या नव्हत्या. न्यूयॉर्कमध्ये १८७६ सालीच जर्मन स्थलांतरितांनी आपल्या नवख्या देशबांधवांसाठी कायदेमदतीची संस्था काढली होती आणि तिचीच पुढे न्यूयॉर्कची लीगल एड सोसायटी झाली. पण या सगळ्या संस्था म्हणजे दानधर्म. दात्याने दिले तर वकील, नाही तर नाही.

५/
१९१९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने स्मिथ यांचे 'जस्टिस अँड द पुअर' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील प्रतिपादन वकीलवर्गाला झोंबणारे होते. कायदा कागदावर सर्वांना समान असला, तरी तीन गोष्टी गरिबाला न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवतात : विलंब, न्यायालयीन शुल्क आणि वकिलाचा खर्च. पहिल्या दोन गोष्टी न्यायव्यवस्थेची दुरुस्ती करून कमी करता येतील. तिसरी तशी जाणार नाही, कारण वकील लागणारच आणि वकिलाला पोट असणारच. तेव्हा गरिबाच्या वकिलाचे पोट कोणी भरायचे, हा प्रश्न पुस्तकाने थेट पटलावर आणला.

६/
अमेरिकन बार असोसिएशनला त्याची दखल घ्यावी लागली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिने कायदेमदतीसाठी समिती नेमली आणि अध्यक्षपदी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांना बसवले. ते पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. जाता जाता एक नोंद : मुंबईची लीगल एड सोसायटीही याच दशकातली, १९२४ ची, आणि १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली याच विषयावर समिती नेमली होती. प्रश्न जगभर सारखाच होता. उत्तरे निरनिराळी निघाली.

७/
स्मिथ यांच्या चरित्रात एक मोठी गंमत दडलेली आहे. लीगल एड सोडून ते बोस्टनच्या 'हेल अँड डॉर' या पेढीत गेले आणि तिचे व्यवस्थापन त्यांनी दीर्घकाळ पाहिले. वकिलाने दिवसाचा प्रत्येक तुकडा कोणत्या कामात घालवला याची रोजच्या रोज लेखी नोंद ठेवावी, ही शिस्त त्यांनी तिथे लावली. पुढे सगळ्या व्यवसायात रूढ झालेल्या तासागणिक फी आकारण्याच्या पद्धतीचे जनकत्व त्यांनाच दिले जाते. गरिबाला वकील परवडत नाही असे ठणकावून सांगणारा माणूस आणि वकिलाच्या वेळेला घड्याळ लावणारा माणूस एकच होता. यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही; दोन्हीकडे त्यांचा सवाल हिशेबाचाच होता. पण त्या घड्याळाने पुढे पेढ्यांचे उत्पन्न जसे फुगवले, तसे पदवीधराला गरिबांकडे वळवणे कठीण होत गेले, हेही खरे.

८/
दानावर चालणाऱ्या कायदेमदतीला मर्यादा होत्या. वकील मोजके, कामाचा ढीग मोठा, आणि दात्यांना दुखवायचे नाही ही अलिखित अट. शहरातले प्रतिष्ठित घरमालक, व्यापारी, सावकार हेच वर्गणीदार. त्यांच्याविरुद्ध मोठी लढाई उभारायची कशी? घटस्फोटासारखी प्रकरणे तर अनेक संस्था हातातच घेत नसत. १८७६ पासून १९६५ पर्यंत, जवळजवळ नव्वद वर्षांत, कायदेमदत संस्थांच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकही प्रकरण नेले नाही. गरिबांचे दावे चालत होते. गरिबांना लागू होणारा कायदा मात्र आहे तसाच राहिला.

९/
१९६४ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबीविरुद्ध युद्ध पुकारले. ऑगस्टमध्ये 'इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी अ‍ॅक्ट' मंजूर झाला आणि सार्जंट श्रायव्हर यांच्या हाती नवे खाते आले. नवल असे की त्या कायद्यात वकिलांचा उल्लेखच नव्हता. तो विषय आत आणला एका दांपत्याने : जीन आणि एडगर कान. त्याच वर्षी 'येल लॉ जर्नल'मध्ये दोघांनी लेख लिहून वस्तीतच वकिलाचे कार्यालय असावे अशी कल्पना मांडली.

१०/
या लेखामागे पोळलेला हात होता. जीन कान या कृष्णवर्णीय वकील १९६३ मध्ये न्यू हेवन शहरात गरिबांसाठीच्या एका प्रायोगिक उपक्रमात काम करत होत्या. गोऱ्या परिचारिकेवरील बलात्काराचा आरोप असलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाचा बचाव त्यांनी हाती घेतला आणि शहर खवळले. उपक्रमाला पैसा आणि आश्रय देणाऱ्यांचा धीर सुटला, आणि कायद्याचे ते कार्यालय काही आठवड्यांतच गुंडाळले गेले. कान दांपत्याने यातून काढलेला निष्कर्ष साधा होता. मदत देणाऱ्याच्या मर्जीवर जगणारा वकील गरिबाचा वकील होऊ शकत नाही. त्याची निष्ठा पक्षकाराशीच असली पाहिजे, मग समोर मदत देणारा स्वतः का उभा असेना.

११/
१९६५ मध्ये केंद्राचा 'लीगल सर्व्हिसेस प्रोग्रॅम' सुरू झाला. अमेरिकन बार असोसिएशनने त्याला पाठिंबा दिला, हे त्या काळी अनेकांना अनपेक्षित होते. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष होते लुईस पॉवेल, दक्षिणेतले सनातनी वळणाचे वकील आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पैसा आला, कार्यालये उघडली. आता अडचण माणसांची.

१२/
उत्तम पदवीधर या कार्यालयांकडे का यावेत? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'क्रॅव्हथ' पेढीने नवख्या वकिलाचा पगार एकदम १५,००० डॉलरवर नेला आणि इतर मोठ्या पेढ्या तिच्यामागे धावल्या. वस्तीतल्या कार्यालयात पगार तुटपुंजा, टेबलावर कागदांची रास आणि विधी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांच्या लेखी त्या कामाला प्रतिष्ठा शून्य. ही कोंडी फोडण्यासाठी रेजी फेलोशिप आखली गेली.

१३/
तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. निवड देशपातळीवर व्हायची, म्हणजे तिला मान होता. आधी उन्हाळ्यात कसून प्रशिक्षण, मग एक-दोन वर्षे एखाद्या कार्यालयात काम. पगार फेलोशिपचा असल्याने स्थानिक कार्यालयाच्या अंदाजपत्रकावर भार नाही. त्या बदल्यात एकच अपेक्षा होती : या वकिलाला रोजच्या दाव्यांच्या रहाटगाडग्याला जुंपू नये. एकाच प्रकारची तक्रार घेऊन शंभर माणसे येत असतील, तर शंभर दावे लढण्याऐवजी त्या तक्रारीचे मूळ असलेला नियमच न्यायालयात खेचावा, हे त्याचे काम. कार्यक्रमाचे दुसरे संचालक अर्ल जॉन्सन यांनी 'कायदासुधारणा' हेच अग्रक्रमाचे उद्दिष्ट ठरवले होते.

१४/
प्रत्यक्षात सगळीकडे असे जमले नाही. बाहेरच्या बाकावर मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला, 'मी फक्त मोठी प्रकरणे पाहतो' असे कोणत्या तोंडाने सांगणार? वर्षानुवर्षे तिथेच राबणाऱ्या सहकाऱ्यांना या मानाच्या पाहुण्यांचा हेवा वाटला असल्यास तेही स्वाभाविक. आजची बाई आणि उद्याचा कायदा, यांतले कोणाला आधी घ्यायचे, हा वाद गरिबांच्या वकिलीत आजही मिटलेला नाही.

१५/
तरीही त्या चार-पाच वर्षांत जे घडले ते थक्क करणारे होते. हे यश एकट्या रेजींचे नव्हे; वस्तीतली कार्यालये, विद्यापीठांतली संशोधन केंद्रे आणि नागरी हक्कांचे जुने वकील यांची ती सामाईक कमाई. पण रेजी याच फळीचे सैनिक होते. तीन निकाल पाहिले की अंदाज येतो.

१६/
अलाबामा राज्याचा नियम असा होता की आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असतील, तर तो पुरुष मुलांचा 'पर्यायी बाप' धरायचा आणि मुलांची सरकारी मदत तोडायची. त्याने मुलांना एक पैसा देवो न देवो. जून १९६४ ते जानेवारी १९६७ या काळात राज्याच्या यादीतून सुमारे १६,००० मुले गळाली. सेल्मा गावच्या, चार मुले पोसणाऱ्या श्रीमती स्मिथ न्यायालयात गेल्या आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम मोडीत काढला. त्या दाव्याचे स्वरूप लक्षात ठेवण्याजोगे आहे : तो एकट्या बाईचा नव्हता, तिच्यासारख्या सर्वांच्या वतीने केलेला समूहदावा होता.

१७/
१९६९ मध्ये 'शापिरो विरुद्ध थॉम्पसन'. एकोणीस वर्षांची गरोदर तरुणी बोस्टनहून कनेक्टिकटमध्ये आईकडे राहायला आली. राज्यात वर्षभर वास्तव्य नाही म्हणून तिला मदत नाकारली गेली. न्यायालयाने ही वास्तव्याची अटच घटनाबाह्य ठरवली. गरिबालाही देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क आहे.

१८/
आणि मार्च १९७० मध्ये 'गोल्डबर्ग विरुद्ध केली'. न्यूयॉर्कच्या जॉन केली यांना समाजकल्याण खात्याच्या कर्मचाऱ्याने एका हॉटेलात राहायला पाठवले. तिथला व्यसनींचा वावर सोसवेना म्हणून ते मित्राकडे गेले आणि त्यांची मदत बंद झाली. दाद मागता येत होती, पण नंतर. दरम्यान खायचे काय? न्या. ब्रेनन यांनी बहुमताचा निकाल लिहिला : मदत तोडण्याआधी सुनावणी झालीच पाहिजे. तोवर सरकारी मदत म्हणजे सरकारची कृपा अशीच धारणा होती. या निकालाने ती पुष्कळ अंशी हक्काच्या पातळीवर आणली.

१९/
१९६६ ते १९७४ या काळात या कार्यक्रमाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयासमोर १६४ प्रकरणे नेली. आधीच्या नव्वद वर्षांतल्या शून्याशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

२०/
पुढे ही फेलोशिप वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठाकडे गेली. हा बदल केवळ पत्त्याचा नव्हता. अमेरिकेतल्या वकिलांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण तेव्हा एक टक्क्याच्या आसपास होते. हॉवर्ड हे चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी घडवलेले आणि थर्गुड मार्शल जिथे शिकले ते विद्यापीठ. शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या लढाईची आखणी करणारे डोके तिथलेच. आता अल्पसंख्य समाजांतले पदवीधर अधिक संख्येने रेजी होऊ लागले. पक्षकाराच्या वस्तीत वाढलेला वकील पक्षकाराला मिळू लागला.

२१/
एव्हाना सरकारचे सोसणे संपत आले होते. ठिणगी पडली कॅलिफोर्नियात. तिथल्या शेतमजुरांसाठी १९६६ मध्ये 'कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स' ही संस्था निघाली. पुढच्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी गरिबांच्या वैद्यकीय मदतीत केलेली कपात तिने न्यायालयात अडवली. बड्या बागायतदारांशीही तिचे खटके उडतच होते. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाचेच सिनेटर जॉर्ज मर्फी यांनी अशा कार्यालयांच्या निधीवर गव्हर्नरला अंतिम नकाराधिकार देणारी दुरुस्ती सिनेटमध्ये मंजूर करून घेतली. प्रतिनिधिगृहात ती अडली. डिसेंबर १९७० मध्ये रेगन यांनी संस्थेचे अनुदानच नाकारले आणि आरोपांचा जाडजूड अहवाल पुढे केला.

२२/
केंद्राने चौकशीसाठी इतर राज्यांतल्या सर्वोच्च न्यायालयांचे तीन न्यायाधीश नेमले. १९७१ मध्ये त्यांनी आरोप निराधार ठरवले आणि संस्था वाचली. पण सगळ्यांना एक गोष्ट कळून चुकली. दर वर्षी ज्याच्याकडून अनुदान घ्यायचे त्याच्यावरच खटला भरायचा, हा खेळ कायम चालणार नाही.

२३/
१९७३ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी गरिबीविरोधी खाते मोडण्यासाठीच हॉवर्ड फिलिप्स यांना प्रमुख केले. वकिलांना राजकारणापासून दूर ठेवण्यासाठी स्वतंत्र महामंडळ हवे, ही मागणी आधीपासून होती. ते 'लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन' अस्तित्वात आणणाऱ्या कायद्यावर निक्सन यांनी २५ जुलै १९७४ रोजी सही केली आणि दोन आठवड्यांत राजीनामा दिला. महामंडळ मिळाले, पण पैसा काँग्रेसच देणार होती. स्वातंत्र्य तेवढ्यापुरतेच.

२४/
१९८१ मध्ये रेगन राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुने वैर त्यांच्यासोबत वॉशिंग्टनला आले. त्यांचा प्रस्ताव होता, महामंडळाचा निधी शून्य. काँग्रेसने तो मानला नाही, पण ३२.१ कोटी डॉलरचे अनुदान २४.१ कोटींवर आले. एका फटक्यात चौथा हिस्सा गेला. कार्यालये बंद झाली, वकील घरी गेले. रेजी फेलोशिपही याच दशकाच्या मध्यावर संपली. तिच्यातून तयार झालेले शेकडो वकील मात्र कायदा कार्यालयांच्या प्रमुखपदी, विद्यापीठांत आणि न्यायासनांवर पोहोचले होते.

२५/
रिकामी झालेली जागा दोन दिशांनी भरली जाऊ लागली. १९८६ मध्ये विधी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी 'नॅशनल असोसिएशन फॉर पब्लिक इंटरेस्ट लॉ' ही संघटना काढली. मोठ्या पेढ्यांत उन्हाळी उमेदवारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी कमाईतला वाटा काढायचा आणि त्यातून लोकहिताचे काम करणाऱ्या मित्राला पैसे द्यायचे, अशी वर्गणीची प्रथा अनेक महाविद्यालयांत होती. त्याच परंपरेतून वाढलेली ही संघटना आज 'इक्वल जस्टिस वर्क्स' म्हणून ओळखली जाते.

२६/
दुसरी दिशा आली थेट वॉल स्ट्रीटच्या दारातून. 'स्कॅडन' ही पेढी ऐंशीच्या दशकात कंपन्यांच्या सक्तीच्या ताबाग्रहणांच्या लढायांत गब्बर झालेली. १९८८ मध्ये, स्थापनेच्या चाळिसाव्या वर्षी, तिने स्वतःची फेलोशिप जाहीर केली : दर वर्षी पंचवीसच्या आसपास पदवीधर, दोन वर्षांचा पगार, काम गरिबांचे. ज्या घड्याळाने पदवीधरांना गरिबांपासून दूर नेले होते, त्याच घड्याळाच्या कमाईतून आता गरिबांचे वकील उभे राहू लागले.

२७/
नव्या पद्धतीत एक मूलभूत फरक होता. रेजीला कुठे जायचे ते योजना ठरवी. नव्या फेलोने स्वतः एखादी संस्था गाठायची, तिच्याबरोबर प्रकल्प आखायचा आणि तो घेऊन निवड समितीपुढे जायचे. त्यामुळे कल्पकता वाढली. सरकारी कार्यालयाला कधी सुचले नसते असे विषय पुढे आले. पण जागा थोड्या. रेजींच्या भरभराटीच्या वर्षांत एकेका तुकडीत शेकड्याने वकील असत; खाजगी फेलोशिप पंचविसांत मोजायची. शिवाय दोन वर्षे सरल्यावर पगाराचा प्रश्न पुन्हा उभा, आणि डोक्यावर शिक्षणाचे कर्ज.

२८/
१९९६ मध्ये काँग्रेसने महामंडळाचा निधी ४० कोटींवरून २७.८ कोटी डॉलरवर आणला आणि सोबत निर्बंधांची माळ घातली : समूहदावे नाहीत, कैद्यांचे खटले नाहीत, कल्याणकारी कायद्यांतील बदलांना आव्हान नाही. कळीचा मुद्दा असा की हे निर्बंध केवळ सरकारी पैशाला नव्हते. महामंडळाचा एक डॉलर जरी घेतला, तरी संस्थेच्या खाजगी देणग्यांवरही तीच बंधने. म्हणजे एखाद्या पेढीच्या पैशावर आलेला फेलो अशा कार्यालयात बसला, तर त्याचेही हात बांधलेलेच.

२९/
म्हणून अनेक शहरांत संस्थांची फाळणी झाली. एक संस्था सरकारी पैसा घेऊन रोजचे दावे लढवी. दुसरी त्या पैशाला हात न लावता मोठी प्रकरणे घेई, आणि बाहेरून पगार घेऊन येणारा फेलो तिला सोन्यासारखा. २००१ मध्ये 'वेलाझ्क्वेझ' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कल्याणकारी कायद्यांना आव्हान देण्यावरचे बंधन रद्द केले. वकिलाने न्यायालयात काय म्हणायचे हे पैसा देणारे सरकार ठरवू शकत नाही, असे त्या निकालाचे सार. समूहदाव्यांवरील बंदी मात्र उठली नाही. अलाबामाच्या श्रीमती स्मिथ आज महामंडळाच्या पैशावर चालणाऱ्या एखाद्या कार्यालयात गेल्या, तर तिथला वकील त्यांचा एकटीचा दावा घेईल; यादीतून गळालेल्या बाकीच्या मुलांच्या वतीने त्याला उभे राहता येणार नाही.